कोल्हापूर ते न्यूयॉर्क: अंतर आणि खरा प्रवासाचा वेळ घरबसल्या कसा काढायचा

कोल्हापूर ते मुंबई अंतर किती असं कुणाला विचारलं तर तीन उत्तरं येतील आणि तिन्ही बरोबर असतील. गाडीनं गेलात तर ३८० किलोमीटरच्या आसपास, महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलात तर ५१८, कारण रेल्वे आधी मिरजेला जाते आणि मग पुण्याकडं वळते, आणि उजळाईवाडी विमानतळावरून मुंबई विमानतळापर्यंत सरळ रेघ मारली तर फक्त ३१०. लांबच्या विमानप्रवासाचं पण अगदी असंच असतंय. नेटवर एक आकडा दिसतो, तिकिटावर दुसरा, आणि घरातून निघून तिकडच्या घरात पोचेपर्यंत जो वेळ लागतो तो तिसराच.

गेल्या जानेवारीत आई आणि आण्णा ताईकडं न्यू जर्सीला गेले, दोघांचाही पहिलाच विमानप्रवास, आणि आई रोज विचारायची की नेमके किती तास रे, मला गोळ्या कधी घ्यायच्या, जेवण कधी. तेव्हा बसून सगळा हिशोब काढला. नंतर गल्लीतल्या अजून दोन-तीन घरांना करून दिला, आता परत परत सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितोय. उदाहरण मुंबई-न्यूयॉर्कचं घेतलंय, पण पद्धत सिडनीला पण चालते आणि लंडनला पण.

पहिलं काम म्हणजे शहराचं नाव सोडा आणि विमानतळाचं नाव धरा. न्यूयॉर्क म्हटलं तर जेएफके, लाग्वार्डिया आणि शेजारी न्यू जर्सीतलं नेवार्क असे तीन आहेत, लंडनला हीथ्रो वेगळं आणि गॅटविक वेगळं. आणि आता आपल्या मुंबईलाही हे बघायला लागतंय, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. आपण कोल्हापूरचे लोक एक्सप्रेसवेनं जातो, त्यामुळं ते पनवेलच्या बाजूचं आधी लागतं, आणि चुकून तिथं उतरलात आणि विमान अंधेरीकडच्या जुन्या विमानतळावरून असलं तर ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास सहज जाईल. तिकिटावर तीन अक्षरी कोड असतोय तो बघा, जुन्या मुंबईचा बीओएम, नव्याचा एनएमआय, आपल्या कोल्हापूरचा केएलएच. मुंबईत टर्मिनल १ की २ हे पण त्याच वेळी बघून ठेवा.

आता अंतर. इथं बहुतेकांची एक गफलत होते. भिंतीवरचा नकाशा बघून वाटतं की मुंबईहून न्यूयॉर्कला जायचं म्हणजे अरबी समुद्र, आफ्रिका आणि मग अटलांटिक असं सरळ डावीकडं जायचं. पण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या आणि एक साधा दोरा घ्या, शिवणकामाचा चालतो. एक टोक मुंबईवर बोटानं दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवा आणि दोरा ताणा. आण्णांना हे करून दाखवलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्प बसून बघत होते, कारण ताणलेला दोरा आफ्रिकेकडं जातच नाही. तो वर सरकतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग थेट मॉस्कोच्या जवळून, फिनलंडवरून, आईसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडात आणि तिथून खाली न्यूयॉर्कला. हाच सगळ्यात जवळचा रस्ता, याला ग्रेट सर्कल म्हणतात. ३० सेंटीमीटर व्यासाचा गोल असेल तर दोऱ्याचा एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. आमचा दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटर भरला, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. खरा आकडा १२,५३०. दोऱ्यानं एवढं बरोबर येतंय म्हटल्यावर आईनं पण परत एकदा मोजून बघितलं.

आणि सपाट नकाशावर पट्टीनं सरळ रेघ मारून त्याच रेघेवरून गेलात तर अंतर १४,२०० किलोमीटरच्या पुढं जातंय, म्हणजे जवळजवळ १,७०० किलोमीटरचा फटका, कोल्हापूर-मुंबई गाडीनं दोनदा जाऊन येण्यापेक्षा जास्त.

गोल नसेल तर कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडा, मुंबई विमानतळावर राइट क्लिक करा, अंतर मोजायचा पर्याय येतो तो घ्या आणि मग न्यूयॉर्कच्या विमानतळावर क्लिक करा, ते ग्रेट सर्कलचंच अंतर दाखवतं. ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, तिथं नुसते दोन कोड टाकले की झालं. पण एकक बघा, अशा ठिकाणी आकडा बऱ्याचदा मैलात असतोय. आपलं हेच अंतर साध्या मैलात ७,७९० च्या आसपास येतं आणि विमानवाले जो नॉटिकल मैल वापरतात त्यात ६,७६०. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. एकाच रस्त्याचे तीन आकडे बघून लोक घाबरतात की कुठलं खरं, तिन्ही खरे.

ज्यांना आकडेमोडीची आवड आहे, विशेषतः अकरावी-बारावीची पोरं, त्यांनी हे हातानं करून बघाच. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरा, डिग्री मोड लावा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम म्हणून रेखांशांची बेरीज करायची, १४६.६५ आले. दोन्ही पूर्वेला असते तर वजाबाकी केली असती, इथंच पोरं चुकतात. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, ०.२१३ येतो. मग दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि १४६.६५ चा कॉस अशा तिघांचा गुणाकार करा, उणे ०.५९९ येतो. दोन्हीची बेरीज उणे ०.३८६. याचा उलटा कॉस घ्या, ११२.७ अंश आले. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, गुणा, आला १२,५३२. बास, एवढंच गणित आहे, ट्रिग्नॉमेट्री कुठं कामाला येणार असं विचारणाऱ्या पोराला हे दाखवा.

अंतर कळलं, आता वेळ. मोठी विमानं वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातात. म्हणून लोक सरळ भागाकार करतात, १२,५३० भागिले ९००, आले चौदा तासाला पाच मिनिटं कमी, आणि तिकिटावर पंधरा-सोळा तास दिसले की गोंधळतात. एक तर विमान सुरुवातीपासून ९०० नं जात नाही. कोल्हापूर-मुंबईचंच बघा, ३१० किलोमीटर म्हणजे ९०० च्या वेगानं एकवीस मिनिटं, पण तिकिटावर पाऊण ते एक तास असतोय. कारण तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हललं तिथून ते दुसऱ्या गेटला लागलं तिथपर्यंतची असते, त्यात रनवेपर्यंत जाणं, नंबर यायची वाट बघणं, वर चढणं, खाली येताना चकरा मारणं, सगळं आलं.

दुसरं कारण वारा. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात जास्त जोर असतो. अमेरिकेला जाताना विमान ह्या वाऱ्याच्या विरुद्ध जातं, येताना वारा पाठीशी. त्यामुळं मुंबई-न्यूयॉर्क थेट विमान जाताना साडेपंधरा-सोळा तास घेतं आणि येताना साडेचौदाच्या आसपास. वारा काय करू शकतो याचं एक उदाहरण सांगतो, फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी ह्याला सहा-साडेसहा तास लागतात.

आणि तिसरं कारण म्हणजे आकाशातले बंद रस्ते. दोरा पाकिस्तानवरून आणि रशियावरून जातो खरा, पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना बंद आहे. म्हणजे कुठल्या देशाची कंपनी यावर रस्ता बदलतो. दिल्लीहून निघणाऱ्या भारतीय विमानांना ह्याचा त्रास जास्त, मुंबईची विमानं समुद्रावरून आखाताकडं निघू शकतात म्हणून थोडा कमी. जुन्या काळच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका की आम्ही तर चौदा तासांत गेलो होतो, त्यांचं खरं असेल पण तेव्हाचा रस्ता वेगळा होता.

माझा ठोकताळा असा. पश्चिमेकडं जाताना अंतराला ८५० नं भागायचं आणि एक तास मिळवायचा. पूर्वेकडं येताना ९०० नं भागायचं आणि अर्धा-पाऊण तास मिळवायचा. मुंबई-लंडन ७,२१० किलोमीटर, जाताना साडेनऊ तास येतात, तिकिटाशी बघा बऱ्यापैकी जुळतंय. छोट्या, तासाभराच्या प्रवासाला हा ठोकताळा लावू नका. आणि खरोखर किती लागतो हे बघायचं असेल तर फ्लाइटरडार२४ वर विमानाचा नंबर टाकला की मागच्या काही दिवसांत ते किती वाजता उडलं आणि किती वाजता उतरलं ते दिसतं. तिकीट काढायच्या आधी हे जरूर बघा, एखादं विमान रोज दीड तास उशिरा जात असेल तर पुढचं कनेक्शन धोक्यात आलंच.

थेट जायचं का मध्ये उतरून, हा पुढचा प्रश्न. सगळ्यांना वाटतं दुबईवरून गेलं की अंतर खूप वाढतं. बघा काढून. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०२०, बेरीज १२,९५०. थेटपेक्षा फक्त ४२० किलोमीटर जास्त, विमानाला अर्ध्या तासाचं काम. लंडनवरून तर अजून कमी, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वाढतात. म्हणजे वेळ वाढतो तो रस्त्यानं नाही, मधल्या थांब्यानं. थांबा दोन तासांचा की अकरा तासांचा यावरच सगळं ठरतं, म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की आधी लेओव्हर बघा. वयस्कर माणसांना दीड तासाचा लेओव्हर घेऊ नका, तसं तिकीट विकत मिळतं पण एवढ्या मोठ्या विमानतळावर परत सिक्युरिटी करून, गेट शोधून पोचायचं म्हणजे त्यांची पळापळ होते. दोन ते चार तास बरे. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, चालता येत असलं तरी सांगा, माणूस हाताला धरून गेटपर्यंत नेतो आणि भाषेची अडचण राहत नाही. फक्त सिंगापूरवरून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जायच्या भानगडीत पडू नका, तिथून न्यूयॉर्क १५,३०० किलोमीटरच्या वर आहे, जगातल्या सगळ्यात लांब विमानसेवांपैकी एक, आपल्याला तो उलटा वळसा होतो.

आता घड्याळ, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. तिकिटावर प्रत्येक वेळ तिथल्या तिथल्या घड्याळाची असते. आई-आण्णांचं तिकीट असं होतं: मुंबईहून १५ जानेवारीला पहाटे ४:३०, दुबईत ६:१५, दुबईहून ८:३०, न्यूयॉर्क त्याच १५ तारखेला दुपारी १:४५. आण्णा म्हणाले, पहाटे साडेचारला बसायचं आणि दुपारी पावणेदोनला उतरायचं, म्हणजे सव्वानऊ तास, एवढंच होय. तसं नाही. मी काय केलं, सगळ्या वेळा भारतीय घड्याळात लिहून काढल्या. दुबई आपल्या दीड तास मागं, म्हणून ६:१५ म्हणजे आपले ७:४५, आणि ८:३० म्हणजे आपले सकाळचे १०. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागं, म्हणून तिकडची दुपारची १:४५ म्हणजे आपल्याकडं रात्रीचे १२:१५, तारीख १६. आता वजाबाकी करा: पहिलं विमान सव्वातीन तास, थांबा सव्वादोन, दुसरं विमान सव्वाचौदा. एकूण पावणेवीस तास. तिकिटावरचे सव्वानऊ आणि साडेदहाचा फरक मिळवला तरी तेवढेच येतात, म्हणजे हिशोब बरोबर.

उन्हाळ्यात हाच फरक साडेनऊ तासांचा होतो, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं घेतात. युरोपात ह्याच तारखा मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. आपल्याकडं असलं काही नसल्यामुळं लक्षात राहत नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कहून दुपारी १२:३० ला थेट विमान निघालं आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२:१५ ला उतरलं, तर वरवर पावणेचोवीस तास दिसतात, त्यातून साडेनऊ काढा, सव्वाचौदा तास झाले.

तारखेचं तर हात जोडून सांगतो. परदेशी विमानं बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर निघतात. १६ तारखेला ००:५० असं लिहिलं असेल तर ती १५ ची रात्र. आमच्या नात्यातलं एक कुटुंब १६ तारखेला संध्याकाळी कोल्हापुरातून निघालं, बॅगा टपावर बांधून, आणि खंबाटकी घाटात पोराच्या लक्षात आलं की विमान आदल्याच रात्री गेलंय. गाडी तिथंच बाजूला घेतली आणि काकू रडायला लागल्या. तिकीट हातात आलं की त्यावर पेनानं वार लिहा आणि रात्र कुठली ते लिहा, "बुधवार रात्र, म्हणजे गुरुवार उजाडायच्या आधी" असं.

आता घरापासून विमानापर्यंत. हा भाग कुठल्याच साइटवर मिळत नाही. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे ४:३० च्या विमानाला दीड वाजता विमानतळावर, आम्ही रात्री एक धरला. कोल्हापूर-मुंबई गाडीनं आठ तास लागतात पण कागल-सातारा सहापदरीच्या कामामुळं वळवलेले रस्ते, मग खंबाटकी, मग पुण्यात नवले पुलाजवळची गर्दी, मग घाटात ट्रक बंद पडला असेल तर ते, म्हणून दोन तास जादा. दुपारी तीनला तावडे हॉटेल, म्हणजे कोल्हापुरातून हायवेला लागायचा नाका, सोडायचं असं ठरवलं. ट्रेननं किंवा ट्रॅव्हल्सनं जाणार असाल तर विमान संध्याकाळचं असेल तरच सोयीचं पडतं, महालक्ष्मी रात्री निघून सकाळी पोचवते. उजळाईवाडीहून मुंबईला विमानानं जाणं सगळ्यात आरामाचं, पण ते तिकीट वेगळं काढलेलं असेल तर पावसाळ्यात किंवा धुक्यात ते रद्द झालं म्हणून पुढची कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. तसं जायचंच असेल तर मधे सहा-सात तासांचं अंतर ठेवा, नाहीतर आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकांकडं राहा.

उतरल्यावरचं पण धरा. इमिग्रेशनची रांग, बॅगा, आणि बाहेर येणं याला दोन तास, जेएफकेहून ताईच्या घरापर्यंत सव्वा तास. सगळं भारतीय वेळेत मांडलं तर १४ तारखेला दुपारी तीनला निघून १६ तारखेला पहाटे साडेतीनला घरात. साडेछत्तीस तास. त्यातले विमानात फक्त साडेसतरा, निम्म्याहून कमी. म्हणून मी म्हणतो, विमान एक तास लवकर पोचणारं शोधण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा लेओव्हर आणि मुंबईचा रस्ता नीट ठरवा, तिथं पाच-सहा तास वाचतात.

ह्या हिशोबाची एक चिठ्ठी करून आईच्या पर्समध्ये ठेवली होती, मोठ्या अक्षरात, सगळ्या वेळा भारतीय. आण्णांना सांगितलं की घड्याळाचा काटा ताईच्या घरी पोचेपर्यंत फिरवू नका. गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारून घेतलं, तुम्हीही विचारा, पण घड्याळ एकच ठेवल्यामुळं आई चिठ्ठी बघून बरोबर त्या वेळेला घेत गेली, मग बाहेर ऊन असो नाहीतर अंधार. विमानात तसंही खिडक्या बंद करून ठेवतात, बाहेर बघून वेळ कळत नाही.

शेवटचं, घरी बसून विमान ट्रॅक करणाऱ्यांसाठी. ॲपवर वेळ कधी कधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर धरतात त्या एकाच प्रमाण वेळेत दिसते, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. १८:४५ दिसलं म्हणजे आपले रात्रीचे सव्वाबारा. संक्रांतीदिवशी तिळगूळ वाटून तीनला निघालेली माणसं, आम्ही दुसऱ्या रात्री सव्वाबारापर्यंत मोबाइल हातात धरून बसलो होतो, विमान बारा मिनिटं आधीच उतरलं. पहाटे साडेतीनच्या ऐवजी पावणेचारला दाजींचा व्हिडिओ कॉल आला, आई सोफ्यावर बसलेली, मागं खिडकीत संध्याकाळचा उजेड मावळत होता आणि आण्णांच्या मनगटावर अजून आपलीच वेळ होती.